उकळत्या पाण्याचा नळ घरात घ्यावा का? गोव्यातल्या घरांसाठी पायरीपायरीने विचार

हल्ली गोव्यात नवं स्वयंपाकघर करायला घेतलेली माणसं ओट्याचा दगड आणि चिमणी ठरली की आणखी एक गोष्ट विचारतात: सिंकवर तो उकळतं पाणी देणारा नळ बसवायचा का? कुणी तो इंग्लंडमधल्या स्विंडनला भावाच्या घरी पाहिलेला असतो, कुणी दुबईच्या ऑफिसात, कुणी मोबाइलवर. दांडी दाबून फिरवली की वाफाळतं पाणी. किटली नको, टोप नको, वाट पाहणं नको.

मी फोंडा-म्हापसा भागात स्वयंपाकघरांचे आराखडे करून देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. ज्यांनी ही वस्तू कधी हाताळलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रमाने वाचा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच बऱ्याच जणांचा निर्णय होऊन जाईल आणि पुढची फोडाफोड वाचेल.

पायरी पहिली: नेमकी वस्तू ओळखा

दुकानात ‘गरम पाण्याचा नळ’ मागितला तर चार वेगवेगळ्या वस्तू दाखवतात. त्यांतली एकच खरोखर उकळतं पाणी देते.

खरा उकळत्या पाण्याचा नळ म्हणजे ओट्यावर नळ आणि खाली कपाटात एक लहान, जाड आवरणाची टाकी. टाकी साधारण तीन ते सात लिटरची. काही कंपन्यांच्या टाकीत पाणी शंभर अंशांच्याही वर, १०८ ते ११० अंशांवर ठेवलेलं असतं. दाबामुळे ते आत उकळत नाही, नळातून बाहेर पडल्यावर उकळतं. काही कंपन्या ९८ अंशांच्या आसपास पाणी देतात. ही कल्पना नेदरलँड्समधली. युनिलिव्हरमध्ये झटपट सूपवर काम करणारे हेन्री पेटेरी यांना ती १९७० मध्ये सुचली. सूप झटपट होणार, पण पाणी उकळेपर्यंत थांबावंच लागणार, तर त्याला झटपट कसं म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातूनच पुढे क्वूकर ही कंपनी उभी राहिली. ही पार्श्वभूमी लक्षात असू द्या, कारण सगळा निर्णय तिच्याभोवती फिरतो. कोरड्या पदार्थावर उकळतं पाणी ओतलं की काम झालं, अशा स्वयंपाकघरासाठी ही वस्तू जन्माला आली.

दुसरी वस्तू म्हणजे नळातच हीटर बसवलेला ‘इन्स्टंट’ नळ. समोर तापमानाचे आकडे दिसतात आणि ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळतो. तो उकळतं पाणी देऊच शकत नाही. गोव्यात टाकीतलं पाणी साधारण २७ अंशांचं धरा. मिनिटाला दोन लिटर वाहणारं पाणी शंभर अंशांवर न्यायचं तर सुमारे १० किलोवॉट लागतात. या नळातला हीटर ३ किलोवॉटचा असतो. म्हणजे दोन लिटरच्या धारेत तापमान जेमतेम वीस-एकवीस अंशांनी वाढणार आणि पाणी ४८ अंशांच्या आसपास येणार. धार निम्मी केली तर सत्तरच्या जवळ पोचेल. भांडी धुवायला हे पुरतं. पण ओल्या हाताखाली, सिंकच्या काठावर वीज आणून ठेवायची ही रीत मला मान्य नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांतलं अर्थिंग पाहता मी हा नळ कुणालाच सुचवत नाही.

तिसरा म्हणजे सिंकखाली बसणारा एक किंवा तीन लिटरचा छोटा गीझर. त्याचा थर्मोस्टॅट ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान वीज तोडतो, आणि तसंच असायला हवं. थर्मोस्टॅटमध्ये फेरफार करून ‘उकळी आणून देतो’ म्हणणारा कारागीर भेटला तर त्याला घरात घेऊ नका. चौथं, गरम पाण्याची सोय असलेलं प्युरिफायर. त्याचं पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापतं. ग्रीन टी, कोरी कॉफी, आजोबांचं कोमट पाणी यांना तेवढं पुष्कळ झालं.

या चारपैकी नेमकं काय हवं आहे हे घरात सगळ्यांनी बसून ठरवा. अनेकदा मागणी ‘उकळत्या पाण्या’ची असते आणि खरी गरज तेलकट भांड्यांना ऊन पाणी मिळण्याची. बांगड्याचं तळण झाल्यावर तवा धुवायला पन्नास अंशांचं पाणी हवं असेल, तर छोटा गीझर घ्या आणि पुढचं वाचायची गरज नाही.

पायरी दुसरी: आठवडाभर वही ठेवा

फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि दोन रकाने आखा. पहिल्या रकान्यात ‘उकळतं पाणी ओतलं आणि काम झालं’, दुसऱ्यात ‘पाणी उकळल्यावरही गॅस लागलाच’. घरातल्या प्रत्येकाने पाणी उकळलं की योग्य रकान्यात एक रेघ मारायची. आठवडा असा निवडा की घरात नेहमीची माणसं आणि नेहमीचा स्वयंपाक असेल. चवथीचा किंवा शिमग्याचा आठवडा नको.

आता आपल्या घरांत काय होतं ते पाहा. चहा आपण ओतून करत नाही, उकळून करतो. टोपात पाणी, साखर, पावडर, आलं. उकळी आली की दूध, मग पुन्हा उकळी. नळातून उकळतं पाणी टोपात घेतलं तरी गॅस पेटवावाच लागतो. दोन कप चहाच्या पाण्याला गॅसवर उकळी यायला दीड-दोन मिनिटं लागतात. वाचली तर तेवढीच वाचतील. डाळ कुकरमध्ये, हुमण मंद आचेवर, आणि उकड्या तांदळाची पेज तर तासभर रटरटल्याशिवाय पेज होत नाही. या सगळ्या रेघा दुसऱ्या रकान्यात जाणार.

पहिल्या रकान्यात काय येतं? तांदळाच्या भाकरीची उकड घरात रोज काढत असाल तर तिची अर्धी रेघ इथे धरायला हरकत नाही, कारण पाणी उकळण्यातच तिचा वेळ जातो. तान्ह्या बाळाच्या बाटल्या आणि वाट्या, कोरी कॉफी, ग्रीन टी, कपातल्या नूडल्स, रव्याच्या उपम्यात ओतायचं पाणी, टोमॅटोची सालं काढणं, पास्त्याचं पाणी. पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळून ठेवणारी घरं अजून पुष्कळ आहेत, ते मोठं काम आहे आणि त्याबद्दल पुढे वेगळं लिहिते.

आठवडा संपल्यावर पहिल्या रकान्याच्या रेघा मोजा. दिवसाला आठ-दहापेक्षा कमी असतील तर दीड लिटरची चांगली किटली घ्या आणि समाधानाने राहा. १५०० वॉटची किटली आपल्या हवेतलं एक लिटर पाणी चार मिनिटांच्या आत उकळते, एक कप पाणी मिनिटाभरात. थंड देशांत नळाला हिवाळ्यात दहा अंशांच्या आसपासचं पाणी येतं आणि ते तापायला वेळ लागतो. आपलं पाणी मुळातच पंचवीस-सव्वीसच्या पुढे असतं. तिथल्या घरांना नळाचा जेवढा फायदा जाणवतो तेवढा आपल्याला जाणवणार नाही, यामागचं हे एक साधं कारण आहे.

पण रेघा कमी असूनही एका प्रकारच्या घराला मी हा नळ मनापासून सुचवते, आणि विक्रेते नेमकं त्याबद्दल कधी बोलत नाहीत. घरात संधिवाताने बोटं आखडलेली, हात थरथरणारी किंवा खांद्याचं ऑपरेशन झालेली व्यक्ती एकटीने स्वयंपाक करत असेल, तर तिला सर्वांत मोठा धोका आहे तो उकळत्या पाण्याचा टोप शेगडीवरून सिंकपर्यंत नेण्याचा. तीन लिटर पाणी भरलेला टोप चार किलोच्या घरात जातो, कान तापलेले असतात, सांडशी निसटते. गोव्यातल्या कितीतरी घरांत मुलं परदेशी किंवा पुण्या-मुंबईला आहेत आणि मोठ्या घरात आई-वडील दोघंच, कधी आई एकटीच. अशा आईला कप जागेवर ठेवून, भांडं न उचलता उकळतं पाणी मिळत असेल तर त्याची किंमत विजेच्या युनिटांत मोजू नये. फक्त एक करा: नळाची दाबून फिरवायची दांडी तिच्या हाताला झेपते का, हे दुकानात तिला स्वतःला वापरून पाहू द्या. लहान मुलांसाठी केलेलं कुलूप आखडलेल्या बोटांनाही अडवतं. तिला ते उघडत नसेल तर सगळा खर्च वाया.

दुसरं घर म्हणजे पाहुण्यांना खोल्या देणारं. सामाईक स्वयंपाकघरात दिवसभर कुणी ना कुणी चहा-कॉफीसाठी येत असेल, किटल्या जळून दरवर्षी बदलाव्या लागत असतील, तर पहिल्या रकान्यात रेघांची रांग लागेल. तिथे हा नळ शोभतो.

पायरी तिसरी: वीज वाचते म्हणून घेऊ नका

जाहिरातीत ‘किटलीपेक्षा कमी वीज’ असं लिहिलेलं असतं. हिशेब स्वतः करून बघा, अवघड नाही.

एक लिटर पाणी २७ वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ०.०८५ युनिट लागतं. किटलीत थोडी उष्णता वाया जाते म्हणून ०.१ युनिट धरू. घरात रोज तीन लिटर पाणी उकळत असेल तर किटलीला ०.३ युनिट. नळाला पाणी तापवायला ०.२५५ युनिट, शिवाय टाकी दिवसरात्र गरम ठेवायचा खर्च वेगळा. निर्वात आवरणाच्या चांगल्या टाकीला त्यासाठी १० वॉट लागतात, म्हणजे दिवसाला ०.२४ युनिट. एकूण अर्धं युनिट. साध्या आवरणाच्या टाकीला ३०-४० वॉट लागले तर नुसतं गरम राहण्यातच दिवसाला जवळपास एक युनिट गेलं.

किटलीत गरजेच्या दुप्पट पाणी भरायची सवय असेल तर दोन्हींचा खर्च जवळपास सारखा होतो, एवढंच. पण मुद्दा त्याहून मोठा आहे. रोज तीन लिटरने किटलीला वर्षाकाठी सुमारे ११० युनिटं लागतात. युनिटला पाच रुपये धरले तर साडेपाचशे रुपये. तुमचा खरा दर वीज खात्याच्या बिलावर टप्प्यानिशी छापलेला असतो, तो घालून पाहा. वर्षाचा सगळाच खर्च जिथे शेकड्यांत आहे, तिथे बचत करून नळाचे पैसे कधी वसूल होणार? ब्रिटनमध्ये नावाजलेल्या कंपन्यांचे संच हजार पौंडांच्या आसपास सुरू होतात. आपल्याकडे त्यावर आयात, वाहतूक आणि जोडणी चढते.

गॅसशी तुलना हवी असेल तर तीही देते. शेगडीवर लिटरभर पाणी उकळायला साधारण १० ग्रॅम गॅस जातो. रोजच्या तीन लिटरला वर्षाला अकरा किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा पाऊण भाग.

पायरी चौथी: तुमचं पाणी कुठून येतं?

ही पायरी गोव्यात विशेष महत्त्वाची आहे, कारण इथे एकाच वाड्यावर तीन घरांचं पाणी तीन तऱ्हेचं असतं.

सरकारी नळाचं पाणी असेल, म्हणजे तिसवाडी-फोंड्याला ओपाचं, दक्षिणेत साळावलीचं, बार्देशात अस्नोड्याचं किंवा पेडण्यात चांदेलचं, तर एक चांगली बातमी आहे. घाटातून आणि जांभ्यातून येणारं आपलं पाणी मऊ असतं. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या बोअरवेलवर किटलीत महिन्याभरात जसा पांढरा थर बसतो, तसा इथे सहसा बसत नाही. त्यामुळे दर सहा महिन्यांनी थर काढणं, महागडं मृदूकरणाचं यंत्र जोडणं, हे विक्रेत्याने गळ्यात मारलेले खर्च आधी तपासून घ्या. तुमच्या जुन्या किटलीच्या तळात बघा. तो स्वच्छ असेल तर पाणी मऊ आहे. पावसाळ्याच्या पहिल्या जोरात मात्र नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून टाकीच्या आधी गाळण हवीच.

विहिरीचं पाणी असेल तर जास्त जागरूक राहा. जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी अनेक ठिकाणी किंचित आम्लयुक्त असतं आणि ते पितळ-तांबं हळूहळू खातं. पांढऱ्या बेसिनवर नळाखाली निळसर-हिरवा डाग पडत असेल तर ती त्याची खूण. तांबूस डाग पडत असेल तर लोह आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरींना एप्रिल-मे महिन्यात खारट चव येते. असं खारं पाणी तापलं की स्टेनलेस स्टीललाही बारीक छिद्रं पाडतं. सामू (पीएच), कठीणपणा, लोह आणि क्लोराइड एवढी चार मापं प्रयोगशाळेतून काढून घ्या. नमुना मे महिन्यातला घ्या, कारण तेव्हा विहीर तळाला गेलेली असते आणि पाण्याचं खरं रूप दिसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामू ६.५ ते ८.५ आणि क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत धरलेलं आहे. तुमचा आकडा याबाहेर असेल तर कंपनीला लेखी विचारा: या पाण्यावर टाकीची हमी लागू राहील का?

आता पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळण्याबद्दल. चार माणसांच्या घरात दहा-बारा लिटर पाणी रोज उकळायचं तर नळाने ते काम खरंच सोपं होतं, तीन-चार वेळा टाकी रिकामी करायची आणि भरायची. तीन लिटरच्या, १६०० वॉटच्या टाकीला पुन्हा उकळीला यायला दहाएक मिनिटं लागतात. जंतू मरतात, पण लोह, खारटपणा, गढूळपणा जात नाही. उकळलेलं पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यात निवलं नाही किंवा त्यात कुणी हात घालून पेला बुडवला तर सगळं मुसळ केरात. केवळ पिण्याच्या पाण्यासाठी हा नळ घेत असाल तर थांबा. गाळणी आणि अतिनील दिव्याचं साधं प्युरिफायर त्याच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत ते काम करतं. आरओ तर आपल्या मऊ नळपाण्याला बहुतेक ठिकाणी लागतच नाही, उगाच पाणी गटारात जातं.

पायरी पाचवी: पाण्याचा दाब

मी पाहिलेल्या घरांपैकी बरीच या पायरीवर अडतात. दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांना नळाच्या पाण्यात ठरावीक दाब लागतो. पुस्तिकेत तो बारमध्ये लिहिलेला असतो, काही कंपन्या दोन बार मागतात. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. तुमच्या बैठ्या घरात टाकी नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर दाब झाला ०.३ बार. चार मजली इमारतीत तळमजल्यावर एक-सव्वा बार मिळेल, वरच्या मजल्यावर त्याच्या पावपटही नाही.

धार जोरात दिसते म्हणून दाब आहे असं समजू नका. नळाच्या तोंडाला लावायचं दाबमापक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, प्लंबरकडेही असतं. सकाळी सगळे अंघोळीला असताना आणि दुपारी, असं दोनदा मोजा. दाब कमी भरला तर दोन वाटा आहेत. एक, प्रेशर पंप. पण मग वीज गेली की पंपही गेला, आणि पंप वर-खाली चालू लागला की जुन्या जोडण्या गळायला लागतात. दुसरी वाट, कमी दाबावर चालणारी, वर वाफेला वाट ठेवलेली टाकी निवडायची. तिचं पाणी शंभरच्या थोडं खाली असतं. बैठ्या घरांना मी हीच सुचवते.

पायरी सहावी: वीज आणि अर्थिंग

ओट्यावरच्या मिक्सरच्या पॉइंटवर ही टाकी जोडायची नाही. १६०० ते ३००० वॉटच्या यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, मीटरच्या पेटीपासून स्वतंत्र वायर आणि स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, हवा. वायर तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटर. भिंत फोडायचीच आहे तर ४ ची टाका.

पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर नळाचा विषय इथेच थांबवा आणि आधी तो बसवून घ्या. गळती होताच वीज तोडणारं हे उपकरण आहे, आणि नळ घेतला नाही तरी ते प्रत्येक घरात हवंच. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. जांभ्याची जमीन कोरडी पडली की वीज जमिनीत नीट मुरत नाही. पावसाळ्यात मापात असलेलं अर्थिंग मार्च-एप्रिलमध्ये कामातून गेलेलं असतं. इलेक्ट्रिशियनकडून उन्हाळ्यातच मीटर लावून रोध मोजून घ्या, पाच ओहमच्या आत हवा. जास्त निघाला तर अर्थिंगचा खड्डा पुन्हा भरावा लागेल.

वीज गेल्यावर चांगली टाकी काही तास पाणी गरम ठेवते. घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर ती चालवता येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्ही जाणताच, म्हणून शेगडी-किटलीची सोय मोडू नका.

पायरी सातवी: ओट्याखाली काय आहे?

कपाट उघडा आणि बघा. तिथे गॅसचा सिलिंडर असेल तर ही टाकी तिथे बसवता येणार नाही, काहीही झालं तरी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर कपाटाच्या तळाशीच साचतो, आणि टाकीचा थर्मोस्टॅट दिवसभर चालू-बंद होत ठिणगी टाकत असतो. सिलिंडर बाहेरच्या जाळीत हलवता येत असेल तर आधी तो हलवा, मग पुढचं बोला.

कपाट साध्या प्लायचं असेल आणि पावसात आतून ओल येत असेल तर टाकीच्या उबेने बुरशी वाढेल. मागे हवा खेळायला जागा आणि दाराला झडपा हव्यात.

सिंकचा सांडपाण्याचा पाइप बहुतेक घरांत पातळ, वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा असतो. उकळतं पाणी थेट त्यात गेलं की तो मऊ पडून लोंबतो आणि सांधा सुटतो. जाड पाइप घाला आणि उकळतं पाणी ओतताना शेजारचा गार पाण्याचा नळ सोडायची सवय लावा. टाकीपासून नळापर्यंत मात्र कंपनीने दिलेलीच नळी वापरायची. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतच टिकतं, त्यामुळे उकळत्या पाण्याला तेही चालत नाही.

आणखी एक. पाणी २७ वरून १०० अंशांवर गेलं की सुमारे चार टक्क्यांनी फुगतं. तीन लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी शंभर-सव्वाशे मिलिलिटर होतं आणि ते सुरक्षा झडपेतून ठिबकतं. ठिबकतंय म्हणून त्या नळीला बूच मारलेलं मी पाहिलं आहे. टाकी फुटायला एवढं कारण पुरे. ती नळी सांडपाण्याला उघडी सोडलेली आहे का, हे जोडणी झाल्यावर स्वतः वाकून बघा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर ग्रॅनाइटला ३५ मिलिमीटरचं भोक पाडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या. दगडाचं भोक बुजत नाही.

पायरी आठवी: पोळण्याचा विचार

साठ अंशांचं पाणी पाचएक सेकंदांत खोलवर भाजतं. शंभर अंशांच्या पाण्याला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून दाबून-फिरवून उघडणारी दांडी आणि हवा मिसळून तुटक पडणारी धार असलेलाच नळ घ्या. एकसंध जाड धार अंगावर उडते. नळाची मान आणि सिंकचा तळ यांत फार अंतर नको, आणि उथळ सिंक असेल तर हा नळ नकोच. लहान मूल स्टुलावर चढून सिंकपर्यंत पोचतं ते वय साधारण दोन ते पाच. त्या वयाचं मूल घरात असेल तर दोन-तीन वर्षं थांबायला काय हरकत आहे? घरकामाला येणाऱ्या बाईंनाही नळ स्वतः चालवून दाखवा, कारण गार पाण्याचा समजून तो सर्वांत आधी त्याच उघडतील.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. बांगड्या-अंगठ्या लगेच काढायच्या. तळहाताहून मोठं भाजलं असेल किंवा चेहरा, हात, सांधा असेल तर १०८ ला फोन करा.

पायरी नववी: दुकानात विचारायचे प्रश्न

दुरुस्तीला माणूस कुठून येणार? पणजी-मडगावहून की मुंबई-बंगळुरूहून? गाळणी, झडप, हीटर हे तीन सुटे भाग आज दुकानात आहेत का, आणि कितीला? गाळणी किती महिन्यांनी बदलायची? गरम ठेवायला किती वॉट लागतात? किमान दाब किती? हमीपत्रात विहिरीचं पाणी चालतं असं लिहिलंय का? उत्तरं बिलावर लिहून मागा. गोव्यात दुरुस्तीची सोय नसलेला देखणा संच घेण्यापेक्षा, ज्याचा माणूस दोन दिवसांत येतो तो साधा संच घ्या. परदेशातून सामानात घालून आणलेला संच तर घेऊच नका. त्याची हमी इथे चालत नाही आणि भाग मिळत नाहीत.

बसवल्यावर

पहिल्या दोन-तीन टाक्या पाणी तापवून ओतून द्या, नव्या टाकीचा वास जातो. पहिला आठवडा रोज कपाटात हात घालून सांधे कोरडे आहेत का बघा, तापून-निवून सांधे ढिले पडतात ते याच दिवसांत. चार दिवसांहून जास्त गावाला जाणार असाल तर टाकीची वीज आणि पाणी दोन्ही बंद करा, आणि परत आल्यावर पहिलं टाकीभर पाणी ओतून द्या. ढगांचा गडगडाट सुरू झाला की स्विच बंद.

आणि सध्या नळ नको असं ठरलं, पण स्वयंपाकघर नवं होतच असेल, तर भिंती उघड्या असताना तीन गोष्टी करून घ्या: सिंकखाली १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, गार पाण्याच्या नळीला एक जादा कोनी नळ (अँगल कॉक), आणि सिलिंडर ओट्याबाहेर. पॉइंट जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्या, म्हणजे सिंक तुंबून पाणी साचलं तरी तो कोरडा राहील. दगडाला भोक आत्ता पाडू नका.